उद्यमबागेतला रविवार आणि सिंड्रेला

गेल्या रविवारी वर्कशॉपमध्ये पुन्हा तोच वाद पेटला. हेअर मेटलमधला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या त्या केस फुगवलेल्या रॉक बँडांमधला, सगळ्यात भारी बँड कुठला?

हा वाद आम्ही तिघं दहावीपासून घालतोय. तेव्हा जागा होती बेळगावच्या टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट. गाडीची वेळ झाली की गेट पडायचं, दोन्ही बाजूंना सायकली आणि स्कूटरी तुंबायच्या, आणि लोंढ्याकडची गाडी निघून जाईपर्यंत आम्हाला भांडायला आयती दहा मिनिटं मिळायची. आता जागा उद्यमबागेतली माझी शेड. रविवारी मशीनं बंद असतात. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, टेबलावर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी होती आणि जॉब (मशीनवर घडवलेला भाग) तपासायच्या टेबलावर स्पीकर. मास्तर वडगावहून आला होता, डॉक्टर कॅम्पातून. मास्तर हायस्कुलात गणित शिकवतो, डॉक्टर दातांचा. दोघंही माझे वर्गमित्र. या खेपेला डॉक्टरने भाच्याला बरोबर आणलं होतं. पोरगं इंजिनिअरिंगला आहे, गिटार वाजवतं, आणि हाताला वळण चांगलं आहे.

त्यानंच विचारलं, "काका, हेअर मेटल म्हणजे केस फुगवून, लिपस्टिक लावून नाचणारेच न्हवं? त्यात ऐकण्यासारखं काय आहे?"

प्रश्न सरळ होता, त्याला दोष नाही. गेली तीस वर्षं जगभर हेच सांगितलं जातंय. मुळात 'हेअर मेटल' हे नावच मागाहून चिकटवलेलं आहे. त्या दिवसांत कुणी ग्लॅम मेटल म्हणायचं, कुणी नुसतंच हार्ड रॉक. या बँडांचे दिवस फिरल्यावर केसांवरून नाव ठेवलं गेलं आणि तेच टिकलं. संगीताला केसांवरून नाव ठेवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मी त्या पोराला आमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. पॉयझन या बँडची पहिली कॅसेट घरात आली तेव्हाची. १९८६ चा तो अल्बम. वरच्या चित्रात चार चेहरे, चौघांच्याही डोळ्यांत काजळ, ओठ रंगवलेले. आजोबा खुर्चीत बसून ती डबी उलटसुलट करत बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ह्या बायका कुठल्या?" मी म्हटलं, बायका नाहीत, पुरुष आहेत. वडील आतून काहीतरी तिखट बोलले. आजोबांनी त्यांना हातानंच गप्प केलं. म्हणाले, "नारायणराव शालू नेसून उभे राहायचे तेव्हा बायका त्यांच्यासारखा अंबाडा घालायला शिकायच्या. नटले म्हणून त्यांचा सूर कमी झाला काय? हे गातात कसे ते सांग."

नारायणराव म्हणजे बालगंधर्व. आजोबांच्या तोंडी बालगंधर्व हे नाव क्वचितच यायचं, नेहमी नारायणराव. संगीत नाटकाची सुरुवात ज्यांनी केली ते अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, याचाही त्यांना फार अभिमान. त्या दिवशी त्यांनी पॉयझनचं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं. आवाज त्यांना आवडला नाही. "गळा साधा आहे," म्हणाले. खरं त्यांनी ऐकून मत दिलं. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, आणि मी ते बदलणार नाही.)

आमच्याकडे ही गाणी आली तीही आडवाटेनं. डॉक्टरच्या शेजारी एक कुटुंब होतं, मूळचं गोव्याचं. त्यातला थोरला मुलगा बोटीवर कामाला. तो सुट्टीवर आला की बॅगेत कॅसेटी असायच्या. आम्ही त्यांच्या डबल डेकवर टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचो. एका बाजूला रॅट हा बँड, दुसऱ्या बाजूला सिंड्रेला. नावं बॉलपेननं लिहायची. पावसाळ्यात टेपला ओल धरायची आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. पुढे केबल आली, एमटीव्ही दिसायला लागला, आणि तिथं एकाच संध्याकाळी पॉयझनही दिसायचा आणि निर्वाणाही. अमेरिकेत या दोघांच्या मध्ये भिंत होती. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि आधीचं सगळं जुनाट ठरलं, असं तिकडे मानतात. बेळगावात ते सगळं एकाच वेळी, एकाच डबीतून आलं. आम्हाला कुणी सांगितलंच नाही की अमुक संपलंय आणि अमुक सुरू झालंय. त्यामुळे आम्ही फॅशन सोडून कानानं निवडलं. हे आमचं नशीब होतं असं मी आजही मानतो.

या कानांची तयारी कशी झाली तेही सांगतो. माझ्याकडे एक जुनी गिटार होती. गन्स एन' रोझेसचा 'अ‍ॅपेटाईट फॉर डिस्ट्रक्शन' लावून बरोबर वाजवायला बसलो की सूर जुळायचाच नाही. टेप जराशी खालच्या सुरात. आम्हाला वाटलं सेल उतरलेत. नवीन चार सेल घातले, तेच. मग लाइटवर लावून पाहिलं, तेच. दुसरा प्लेअर आणला, तेच. दोन महिने आम्ही त्या कॅसेटला दोष देत होतो. शेवटी डॉक्टरच्या शेजारचे, चर्चमध्ये गिटार वाजवणारे काका म्हणाले, "अरे बाबांनो, ते लोक तारा अर्धा स्वर उतरवून लावतात. तुम्ही तारा सैल करा." केल्या. पहिल्या तारेपासून सगळं जाऊन बसलं. आजही लेथच्या चकात जॉब नेमका सेंटरला बसला की मला ती संध्याकाळ आठवते. मोटली क्रू हा बँड तर पूर्ण स्वर खाली लावायचा, हे पुढे कळलं, आणि त्यांचा आवाज एवढा जड का लागतो तेही.

असो. रविवारचा वाद.

डॉक्टर डेफ लेपर्डचा. त्याचं म्हणणं, त्यांचा 'हिस्टेरिया' हा अल्बम ऑगस्ट १९८७ चा, दोन कोटींवर प्रती खपल्या, त्यातून सात गाणी सिंगल म्हणून निघाली, आणि तरी एकही सूर गबाळा नाही. मट लँग या निर्मात्यानं कॉर्डमधला एकेक स्वर वेगळा वाजवून घेतला आणि एकावर एक रचला. "ते लोक शेफिल्डचे, पोलादाच्या गावचे, तुझ्याच धंद्यातले. तुला तर ते कळायला पाहिजे," हे तो मला दरवेळी ऐकवतो. आणि त्याचं खरं आहे. त्यांचा गिटारवाला स्टीव्ह क्लार्क बँडमध्ये येण्याआधी लेथवर काम शिकत होता. ते कळलं तेव्हापासून त्याची गिटार मी निराळ्या कानानं ऐकतो. ३० वर्षांचा असताना गेला तो, जानेवारी १९९१ मध्ये.

मास्तर म्हणतो, डेफ लेपर्ड मुळात या यादीत बसतच नाहीत. ते इंग्लंडचे, त्यांची सुरुवात वेगळी, लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांचा त्यांना वारासुद्धा लागलेला नाही. डॉक्टर म्हणतो, मग बॉन जोव्हीही न्यू जर्सीचे, सिंड्रेला फिलाडेल्फियाचे, युरोप तर स्वीडनचे, सगळ्यांनाच काढ. सीमेचा वाद आम्हा बेळगावकरांना काय नवा, तास-दोन तास तो सहज चालतो. मी त्यात पडत नाही. मला गाव कुठलं याच्याशी देणंघेणं नाही.

खरं 'हिस्टेरिया'मधली एक गोष्ट मला कुठल्याही गाण्याहून मोठी वाटते, ती म्हणजे रिक अ‍ॅलन. ३१ डिसेंबर १९८४ ला गाडीच्या अपघातात त्याचा डावा हात गेला. ड्रमर, वय २१. बँडनं दुसरा माणूस घेतला नाही. त्यानं डाव्या पायाखाली इलेक्ट्रॉनिक पेडलं बसवून घेतली. जे ठोके डावा हात वाजवायचा ते पायानं वाजवायला तो शिकला आणि ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडातल्या डॉनिंग्टनच्या मैदानावर लोकांसमोर बसला.

माझ्याकडे एक जुने मिस्त्री आहेत. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात प्रेसवर त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता साठीला आले, तरी बोरिंगचा (आतलं भोक मापात कापायचा) अवघड जॉब मी त्यांच्याशिवाय कुणाला देत नाही. गाणं-बिणं त्यांचा विषय नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना मोबाइलवर रिक अ‍ॅलनचा व्हिडिओ दाखवला. लोक सहसा त्याच्या खांद्याकडे बघतात. मिस्त्री पायाकडे बघत होते. मोबाइल हातात घेऊन त्यांनी तो मागे नेला, पुन्हा बघितला. कुठलं पेडल केव्हा दाबलं जातंय ते बोटानं मोजलं. मग म्हणाले, "माणूस तोच हाय की. फिक्स्चर बदललंय." डबा उघडला आणि जेवायला बसले. (फिक्स्चर म्हणजे मशीनवर जॉब पकडून धरणारी जोडणी.) या विषयावर मी इतकं वाचलंय, त्या चार शब्दांइतकं नेमकं कुठंच सापडलं नाही.

मास्तर मोटली क्रूचा, आणि तो गणिताच्या माणसासारखा मांडतो. 'डॉ. फीलगुड' घ्या, तो म्हणतो, १९८९ चा. बॉब रॉक या निर्मात्यानं त्याचा आवाज असा बांधला की तो ऐकून मेटालिका या बँडनं त्याला बोलावलं, आणि १९९१ चा काळा अल्बम त्याच्याकडून करून घेतला. जे लोक मेटालिका श्रेष्ठ आणि मोटली क्रू फालतू म्हणतात त्यांनी आधी हे बघावं. त्याचा दुसरा मुद्दा मोटली क्रूचा गिटारवाला मिक मार्स. या माणसाला तरुणपणापासून पाठीचा कणा जखडत नेणारा आजार. मान वळत नाही, कंबर वाकत नाही, तरी चाळीस वर्षं स्टेजवर उभा राहून वाजवलं, २०२२ मध्ये दौरे थांबवले. त्याची गिटार जाड, ओबडधोबड आणि अचूक. इथपर्यंत मास्तरशी माझं शंभर टक्के जुळतं.

जुळत नाही ते पुढं. मोटली क्रूचे चाहते दारूच्या, नशेच्या, हॉटेलं फोडल्याच्या गोष्टी कौतुकानं सांगतात, मास्तरही सांगायचा. मला ते सहन होत नाही. ८ डिसेंबर १९८४ ला त्यांचा गायक व्हिन्स नील दारू पिऊन गाडी चालवत होता. शेजारी बसलेला रॅझल मेला. फिनलंडच्या हॅनोई रॉक्सचा ड्रमर, वय २४. पुढच्याच वर्षी तो बँड फुटला. हॅनोई रॉक्स ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे की निम्म्या सनसेट स्ट्रिपनं त्यांचे कपडे, केस, चाल उचलली होती. एकाच महिन्यात एका अपघातानं एक बँड संपला आणि दुसऱ्या अपघातातून दुसरा बँड आपल्या माणसाला धरून उभा राहिला. हे मी रविवारी बोललो तेव्हा मास्तर गप्प झाला. त्यानं स्पीकरचा आवाज कमी केला आणि म्हणाला, "ते मी आता वर्गातल्या पोरांना कौतुकानं सांगत नाही गा." वर्गात तो हे कधी सांगत होता हेच मला माहीत नव्हतं.

आता माझं. माझा बँड सिंड्रेला, आणि अल्बम 'लाँग कोल्ड विंटर', १९८८.

नाव ऐकूनच लोक तोंड वाकडं करतात. पहिल्या अल्बमवरचा फोटो बघून तर करतातच. खरं ऐका. त्यांचे पहिले दोन्ही अल्बम अँडी जॉन्सनं केले. लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण करणारा तो माणूस. त्यानं या पोरांमध्ये काय ऐकलं? ब्लूज ऐकला. बाकीचे बँड गिटारवर धावत होते, एडी व्हॅन हेलनच्या मागे सगळे दहा बोटांनी टॅपिंग करत होते. एडी एकमेव होता, त्याची बरोबरी नाही. खरं त्याच्या नकला करणारे शेकड्यांनी झाले आणि ऐकून कान किटले. सिंड्रेलाचा टॉम किफर धावत नाही. तो एक तार ओढतो आणि तिथंच थांबतो. ज्यांना मींड कळते त्यांना ते कळेल. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला रस्ता तो दाखवत नेतो. किफर गातो, गिटार वाजवतो, मांडीवर आडवी ठेवायची लॅप स्टील गिटार वाजवतो, पियानोवर बसतो, हार्मोनिका फुंकतो. त्याचा आवाज ठिणग्या उडाल्यासारखा आहे. ग्राइंडरवर बीड (ओतीव लोखंड) धरलं की जसा निघतो तसा.

आणि तोच आवाज गेला. १९९१ मध्ये त्याच्या डाव्या स्वरतंतूला अंशतः पक्षाघात झाला. कदाचित पुन्हा गाता येणार नाही, असं त्याला सांगितलं गेलं. ऑपरेशनं झाली. कित्येक वर्षं शिक्षकांकडे बसून त्यानं गळा पुन्हा पहिल्यापासून घडवला. निर्वाणानं या लोकांना संपवलं असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. सिंड्रेलाच्या बाबतीत आधी गळा गेला होता. बाकीच्यांनाही निर्वाणाहून जास्त मारलं ते कंपन्यांनी. एक बँड चालला की त्याच्यासारखे दहा उभे करायचे आणि प्रत्येकाकडून एक हळुवार गाणं मागून घ्यायचं. स्किड रो या बँडचा 'स्लेव्ह टू द ग्राइंड' जून १९९१ मध्ये आला आणि थेट अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरावर बसला. म्हणजे ऐकणारे होते. चांगलं वाजवलं तर ऐकत होते.

गळा गमावून पुन्हा उभारणं काय असतं, हे आमच्या भागातल्या माणसाला तरी समजावून सांगावं लागू नये. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे. क्षयानं एक फुफ्फुस निकामी केलं, काही वर्षं गाणं बंद. त्यातून उठून त्यांनी जे उरलं होतं त्याच्यावर नवं गाणं रचलं. किफरला मी त्यांच्या पंगतीला बसवत नाही. तेवढा अधिकारही माझा नाही. खरं 'लाँग कोल्ड विंटर' ऐकताना मला सुळेभावीची आठवण येते, आणि ती खोटी नाही.

विंगर या बँडबद्दलही बोललो, थोडक्यात. किप विंगर, रेब बीच, रॉड मॉर्गनस्टाईन, हे सगळे पक्के तालमीतले वादक. एका कार्टूनमधल्या बावळट पोराच्या अंगात त्यांचा टीशर्ट दाखवला आणि जग त्यांना हसायला लागलं. पुढे किप विंगरनं वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. हसणारे काय करत होते तेव्हा? या एका गोष्टीवर आमचं तिघांचंही एकमत आहे.

पोरगं इतका वेळ ऐकत होतं. मी 'लाँग कोल्ड विंटर' पहिल्यापासून लावला. सुरुवातीलाच स्लाइडवर वाजवलेली धून आहे. ड्रम नाहीत, गर्दी नाही, तारेवर घासत जाणारी धातूची नळी ऐकू येते. पोरानं गिटारच्या पिशवीची चेन उघडली. "काका, हे मला वाजवायचंय. स्लाइड कुठं मिळंल?"

त्यानं आधी माझ्या सॉकेट सेटमधला एक सॉकेट बोटात घालून पाहिला. जड होता, आणि आतून षटकोनी असल्यामुळे बोटाला टोचत होता. मी पितळेच्या रॉडचा तुकडा काढला. रविवार असूनही लेथ चालू केला. फेसिंग केलं, ड्रिल मारलं, मग बोरिंग. बाहेरून २६ मिलिमीटर, आतून २०, लांबी ६०. दोन्ही तोंडांना चेम्फर मारला, म्हणजे कडा तिरक्या उतरवल्या, कारण एकही बर (धारदार कोर) राहिला तर तार सोलून निघते. शेवटी बारीक एमरी पेपर लावून, तेलाचं बोट फिरवून आरशासारखं करून दिलं. मास्तर आणि डॉक्टर मागे उभे राहून अजून डेफ लेपर्ड या यादीत बसतात की नाही यावरच होते.

पोरानं नळी करंगळीत घातली, तारेवर टेकवली. पहिला सूर कर्कश आला, तार फ्रेटवर आपटत होती. मी सांगितलं, दाबू नकोस, नुसती टेकव. आणि फ्रेटच्या मागे नको, बरोबर वर धर. दुसऱ्यांदा थोडं बरं आलं. तिसऱ्यांदा एक सूर लांबला, थरथरला आणि पावसाच्या आवाजातही शेडभर राहिला. मास्तर बोलता बोलता थांबला.

"काका," पोरगं म्हणालं, "आतून जरा सैल लागतंय."

करंगळी मोजली. १७ भरली. सोमवारी मिस्त्री आले की त्यांच्या हातून पुन्हा करून घ्यायचं ठरलं आहे.